ऐंशी मायक्रॉन

लालबागच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कुणालाही विचारा, उत्तम घाडीचा गाळा पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. बाप गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. संप झाला, गिरणी गेली, आणि बापाने पोराला सांगितलं, "कापसात जाव नको, लोखंडात जा." उत्तम लोखंडात गेला. आयटीआय केलं, एका टूलरूममध्ये हात बसला, मग स्वतःचा गाळा घेऊन तो तपासणीची फिक्श्चर करू लागला.

हे काम लोकांना सांगून कळत नसे. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे नक्की काय करतोस रे?" तेव्हा तो सांगायचा, "शिंप्याकडे कसं माप असतं, तसं मी कारखान्यांना माप करून देतो." बसच्या दाराला जो लोखंडी ब्रॅकेट लागतो, तो कारखान्यात रोज ढिगाने निघतो. एकेक मोजत कोण बसणार? म्हणून एक जाड पोलादी बैठक करायची, तिच्यावर दोन पिना. ब्रॅकेट त्या पिनांवर बसला, वरून तपासणीची पिन आरपार गेली, की माल पास. नाही बसला तर बाजूला टाकायचा. पण ती बैठकच चुकली, तर चांगला माल भंगारात जाणार आणि वाकडा माल गाडीवर चढणार. म्हणून फिक्श्चर करणाऱ्या माणसाने चुकायचं नसतं. उत्तम चुकत नाही, अशी त्याची कीर्ती होती, आणि ती त्याने जिवापाड जपली होती.

मोठ्या कंपन्यांना आता नुसतं फिक्श्चर चालत नाही, ते सीएमएम नावाच्या मोजणीच्या मशीनवर तपासून रिपोर्ट जोडावा लागतो. उत्तम त्यासाठी लोअर परळला जगदीश सामंतच्या लॅबमध्ये जायचा. जगदीश त्याचा आयटीआयचा दोस्त. त्याच्या लॅबमध्ये काचेची एक थंडगार खोली होती, तिथे ग्रॅनाइटच्या काळ्या लादीवर ते मशीन उभं. वर हवेवर सरकणारा पूल, त्याला लोंबणारी प्रोबची बारीक काडी, काडीच्या टोकाला माणकाचा लाल मणी. मणी हलकेच येऊन फिक्श्चरला टेकतो, पुन्हा मागे सरतो, दुसरीकडे टेकतो, आणि कुठलं भोक कुठे आहे ते स्क्रीनवर उमटतं. फिक्श्चर आदल्या दिवशीच आणून त्या खोलीत ठेवायचं, म्हणजे लोखंड खोलीएवढं थंड होतं. नाही तर मुंबईच्या उकाड्यात फुगलेलं लोखंड खोटं माप देतं.

मशीन चालवणारीचं नाव पूर्वी वरळीकर. वरळी कोळीवाड्यातली, डिप्लोमा केलेली, पंचविशीतली मुलगी. थंडीमुळे अंगात कायम स्वेटर. उत्तम आला की "या काका" म्हणायची, आणि त्याच्या कामाकडे बघून कधीकधी म्हणायची, "काका, तुमचं फिक्श्चर लावायला मजा येते. झटपट पास होतं." उत्तमला ते आवडायचं. घरी येऊन तो दमयंतीला सांगायचाही.

त्या दिवशी बसवाल्या कंपनीचा क्वालिटी इंजिनियर हर्षवर्धन स्वतः लॅबमध्ये आला होता. फिक्श्चरची त्याला घाई होती. पूर्वीने मोजणी संपवली, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मान वळवून म्हणाली, "काका, दोन नंबरच्या पिनचं होल वाय दिशेला बाहेर दाखवतंय. ऐंशी मायक्रॉन."

ऐंशी मायक्रॉन म्हणजे साधारण डोक्याचा एक केस. ड्रॉइंगमध्ये वीस मायक्रॉनची मुभा होती.

"शक्य नाय," उत्तम म्हणाला. "परत लाव."

तिने परत लावलं. आधी प्रोब तपासून घेतला, फिक्श्चर पुसलं, सगळं नव्याने. तोच आकडा आला.

"प्रोबच्या मण्याला काय लागलंय काय बघ ना."

"बघितलं काका. मास्टर बॉलवर चेक केला, तुमच्यासमोरच."

हर्षवर्धनने घड्याळात पाहिलं. "घाडी, काय करायचं मग? मला संध्याकाळपर्यंत लाइनवर पाहिजे."

उत्तमचे कान तापले. एवढ्या वर्षांत त्याचं काम त्याच्या तोंडावर कुणी नापास केलं नव्हतं, आणि आज नेमका कंपनीचा माणूस शेजारी उभा. जगदीशही केबिनमधून बाहेर येऊन दाराशी थांबला होता. उत्तमने पूर्वीकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि हर्षवर्धनला उद्देशून म्हणाला,

"साहेब, हिची आई मासे विकते. हिला वाटतं हा पण मासळीचाच काटा, अंगठा लावला की झालं."

हर्षवर्धन हसला. फार मोठ्याने नाही. आपल्याकडे कुणी पाणउतारा केला की बाजूचा माणूस हसतो, तेवढंच. पण ते हसू ऐकून उत्तमला बरं वाटलं. आपली बाजू वर आली, असं वाटलं.

 पूर्वीने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि प्रोब वर नेऊन ठेवला. जगदीश खाकरला. मग दोस्ताकडे आणि गिऱ्हाइकाकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "पूर्वी, तू जरा बाहेर रिपोर्टचं टायपिंग बघ. हे मी बघतो." ती गेली. जगदीशने मशीनला हात लावला नाही. तो म्हणाला, "उत्तम, तू एकदा तुझ्याकडे चेक करून आण. मग बघू." हर्षवर्धनला एक दिवसाची मुदत मान्य करावी लागली.

उत्तम फिक्श्चर घेऊन ताठ मानेने बाहेर पडला. टायपिंगच्या टेबलाजवळून जाताना त्याने तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडल्या उघडल्या त्याने फिक्श्चर टेबलावर घेतलं. त्याची पद्धत जुनी. हाइट गेजच्या उभ्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचून भोकाची जागा धरायची, मग बोअर करायचं. कोणती रेघ कोणत्या रेघेला जुळते, त्यावर माप. आयुष्य त्या रेघा वाचण्यात गेलं होतं. त्याने गेज लावला, भिंग खाली घेतलं, वाचलं. बरोबर. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बरोबर. त्याला हायसं वाटलं आणि रागही आला. आता जगदीशला पुरावाच देतो, म्हणून त्याने मोबाइल काढला, पट्टीच्या अगदी जवळ धरून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, "हे बघ. माझं बरोबर आहे. पोरीला शिकव."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर काही येईना. उत्तमने चहा मागवला. मग सहज, आपलाच फोटो कसा आलाय बघावा म्हणून त्याने तो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला.

रेघा फोनच्या पडद्यावर काडीएवढ्या जाड झाल्या. जुळणारी रेघ त्याने वाचलेली नव्हती. ती होती त्याच्या चार घरं पुढे. एकेक घर वीस मायक्रॉनचं. चार घरं म्हणजे ऐंशी.

त्याने फोन खाली ठेवला आणि परत भिंगातून बघितलं. भिंगात रेघांच्या कडांना धूर आल्यासारखं होतं, एकीच्या दोन दिसत होत्या, आणि त्या धुरात त्याचं मन जी पाहिजे ती रेघ निवडून घेत होतं. असं दिसतंय हे त्याला आज पहिल्यांदा कळलं, असं काही नव्हतं. बल्बभोवती कडी दिसते, समोरून येणाऱ्या बसचा नंबर वाचता येत नाही, हे त्याला बरेच महिने माहीत होतं. त्याने ते चष्म्यावर ढकललं होतं, गाळ्यातल्या ट्यूबलाइटवर ढकललं होतं. आणि काल एका मुलीवर ढकललं.

चहावाला ग्लास ठेवून गेला. उत्तमने पहिल्यांदा काय केलं असेल, तर फोटो डिलीट करायला गेला. अंगठा पडद्यावर असतानाच त्याला कळलं की जगदीशने तो केव्हाच बघितलाय. आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्याचं त्यालाच कानकोंडं झालं. थोड्या वेळाने जगदीशचा फोन आला.

"उत्तम," जगदीश हळू म्हणाला, "फोटो बघितला मी."

"हां."

"डोळे दाखव रे कुणाला तरी."

 जगदीशने आणखी काही म्हटलं असतं, चिडला असता, तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "चल, ठेवतो," आणि खरंच ठेवला.

शेजारच्या गाळ्यात अजित होता, डाय म्हणजे साचे करणारा. उत्तम त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "अजित, जरा एक रीडिंग घे." अजितने येऊन वाकून बघितलं आणि दुसऱ्याच क्षणी आकडा सांगितला. पूर्वीच्या स्क्रीनवर होता तोच. मग त्याने उत्तमच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता आपल्या गाळ्यात गेला.

दुपारी उत्तम जेवायला चाळीत आला, तर दमयंती ओट्याशी पाठ करून उभी. ताटात डाळ आणि भात. बुधवार असून मासळीचा वास नाही.

"बाजारात नाय गेलीस?"

"गेलंय." ती वळली. रागावली की तिची भाषा सरळ मालवणला जायची. "तुमी काय बोललात त्या चेडवाक?"

"खयच्या?"

"शांताच्या. जिच्याकडसून मी मासळी घेतंय इतकी वर्सां, त्या शांताचा चेडू मशीनवर काम करता. तुमका म्हायत नाय?"

पूर्वीची आई मासळी विकते हे उत्तमला जगदीशकडून माहीत होतं. ती ही शांता, हे माहीत नव्हतं. शांताच्या टोपलीतले बांगडे त्याने आयुष्यभर खाल्ले होते. दमयंतीच्या बाळंतपणात शांताने मोरी माशाचं मटण घरपोच आणून दिलं होतं, दूध यावं म्हणून. पैसे घ्यायला ती तयार नव्हती.

"मी नेहमीसारखी टोपलीपुढे वाकलंय," दमयंती म्हणाली. "तर ती म्हणता, वैनी, आज नको. माझा काटा बरोबर नाय. म्हटलंय, काय गे झाला? म्हणता, घरी मालकांना विचारा. चार गिऱ्हाइकां उभी. माका थंयच मेल्यासारख्या झाला."

उत्तमने सगळं सांगितलं. मासळीच्या काट्याचं वाक्य सांगताना त्याने ते थोडं मऊ करून सांगायचा प्रयत्न केला, आणि दमयंतीने विचारलं, "असाच बोललात?" मग त्याला जसंच्या तसं सांगावं लागलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, बायकोपुढे, ते वाक्य त्याने स्वतःच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलं. लॅबमध्ये ते चटकन गेलं होतं. इथे संपता संपेना.

"आणि चूक कोणाची निघाली?" दमयंतीने विचारलं.

"माझी."

 तिने त्याच्या पुढ्यातली डाळ गरम करून आणली. त्याला घास गिळवेना. त्याच्या मनात एकच घोळत होतं: पोरगी चुकली असती तर? तिचा आकडा खोटा निघाला असता, तर आपण आज हसत जेवलो असतो आणि ते वाक्य दोस्तांत सांगितलंही असतं. ऐंशी मायक्रॉनची चूक त्याला कशीतरी पचवता आली असती. ही दुसरी गोष्ट पचत नव्हती.

हर्षवर्धनला त्याने फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं आणि वेळ मागून घेतला. हर्षवर्धन वैतागला, पण दुसरीकडे नव्याने करून घ्यायला जास्त दिवस गेले असते. उत्तमने भोक मोठं करून त्यात पोलादी नळीची बुश ठोकली आणि त्या बुशीत नव्याने भोक बोअर केलं. प्रत्येक माप अजितने वाचलं. उत्तम शेजारी उभा राहून आकडा विचारायचा आणि हँडल फिरवायचा.

फिक्श्चर लॅबमध्ये ठेवायला गेला, तेव्हा जेवणाची सुट्टी होती. पूर्वी डबा घेऊन जिन्यात बसली होती, उन्हाच्या तुकड्यात, स्वेटर काढून. उत्तम दोन पायऱ्या खाली थांबला.

"पूर्वी, माझी चूक होती. माप माझंच चुकलं होतं. तुझं बरोबर होतं."

"हो काका. जगदीश सरांनी सांगितलं."

"आणि मी जे बोललो... त्याबद्दल सॉरी."

तिने डब्याचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही. "काका, फिक्श्चर कुणाचंही चुकतं. ते मी तेव्हाच सोडलं. पण तुम्ही बोललात ते हर्षवर्धन सरांसमोर बोललात. ते परवा आले होते दुसऱ्या कामाला. माझ्याकडे बघत नाहीत आता. मला सोडून जगदीश सरांना विचारतात, हिने नीट लावलंय ना? ते तुमचं वाक्य तिथे आत राहिलंय. आणि सॉरी तुम्ही इथे जिन्यात म्हणताय. मी काय करू ते घेऊन?"

 ती उठली, स्वेटर चढवला आणि आत गेली.

जिन्यात म्हणणं सोपं होतं, म्हणूनच तो जिन्यात म्हणाला होता. हे त्याला ती बोलेपर्यंत कळलं नव्हतं. जेवणाची सुट्टी बघून तो आला होता, तेही कुणी नसेल म्हणूनच. परळच्या पुलाखालून चालत येताना त्याला वाटलं, सगळं जग आपल्याकडे बघतंय. बघत कुणीच नव्हतं.

फिक्श्चर लावायचा दिवस ठरला, तेव्हा उत्तमने स्वतः हर्षवर्धनला फोन करून सांगितलं, "साहेब, तुम्ही या. तुमच्यासमोरच लावू." आणि जगदीशला सांगितलं, "मशीनवर पूर्वीच पाहिजे."

काचेच्या खोलीत चौघे उभे राहिले. पूर्वी माणकाचा मणी तपासत होती. उत्तमने काय बोलायचं ते घरी म्हणून बघितलं होतं. तो हर्षवर्धनकडे वळला. 

"साहेब, एक मिनिट. त्या दिवशी मी हिला इथे घाण बोललो. हिच्या आईला बोललो."

"अरे घाडी, जाऊ द्या हो," हर्षवर्धन घाईने म्हणाला. "विषय संपला."

"माझा नाय संपला. हिने माप बरोबर घेतलं होतं. दोनदा घेतलं. मला दिसत नाय नीट, आणि ते मी लपवत होतो. ते झाकायला मी हिच्या आईचा धंदा काढला. त्या बाईच्या हातचं मी तीस वर्षं खातोय. तुम्ही हसलात तेव्हा मला बरं वाटलं, साहेब. त्याचीच मला आता लाज वाटते."

हर्षवर्धनची मान आपोआप खाली गेली. तो बुटाकडे बघत राहिला. जगदीशने पुढे येऊन म्हटलं, "चूक माझीपण आहे. मी हिला बाहेर पाठवायला नको होतं." ते म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की एसीच्या घरघरीत अर्धा बुडाला.

सगळे पूर्वीकडे बघू लागले. आता ती काहीतरी म्हणेल, मोकळं करेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. उत्तमला सगळ्यात जास्त. तिने हातमोजे नीट केले.

"घाडी सर," ती म्हणाली, "फिक्श्चर टेबलवर घेऊ ना?"

त्याला क्षणभर कळलंच नाही की हाक आपल्याला आहे.

मोजणी झाली. दोन नंबरचं भोक मुभेत बसलं. पूर्वीने हर्षवर्धनला आकडे समजावून सांगितले, त्यानेही तिलाच विचारून घेतलं, आणि रिपोर्टवर सही तिची झाली.

शांताकडे उत्तम दमयंतीबरोबर गेला. बाजाराच्या गर्दीत हात जोडून उभा राहिला. शांताने कोयतीवरून मान वर केली नाही. "पोरीशी बोललात ना? मग माझ्याशी काय? सरका, गिऱ्हाईक अडतंय." दमयंतीला मात्र तिने पुढच्या आठवड्यापासून पुन्हा मासळी दिली. दमयंती एकटी जाते. उत्तम आता त्या गल्लीतून जात नाही. भाजी घ्यायची असली तरी वळसा घालून जातो.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकून आला होता, डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस काम कसं करत होतात? उत्तमला तेच भय होतं. बरं वाटल्यावर त्याने गेल्या वर्षभरात लॅबच्या रिपोर्टशिवाय फिक्श्चर दिलेल्या छोट्या कारखान्यांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांना एकच सांगितलं: माझी नजर कमी झाली होती, फिक्श्चर परत तपासून देतो. काहींनी कौतुक केलं, ते त्याला ऐकवेना. एकाने तिथल्या तिथे काम बंद केलं. बरीचशी फिक्श्चर ठीक निघाली, दोन चुकलेली निघाली. दोन्हींवर माल पास होऊन केव्हाच बाहेर गेला होता. कारखान्यांनी तो शोधून काढला, सुदैवाने कुठे काही झालं नव्हतं. पण तो शोध चालू होता तितके दिवस उत्तमला बसमध्ये चढताना दाराकडे बघवत नसे.

ती सगळी फिक्श्चर पूर्वीनेच लावली. "सर, हे पास." "सर, ह्याची तीन नंबरची पिन बघा." एवढंच बोलणं. त्यात राग नव्हता, खोचकपणा नव्हता. इतर गिऱ्हाइकांशी बोलायची तशीच ती त्याच्याशी बोलायची.

मध्यंतरी एकदा तो काचेबाहेर बसला असताना ती दार उघडून बाहेर आली. हातात कुणा दुसऱ्याचं फिक्श्चर होतं, वेडंवाकडं. "सर, एक विचारू? हे क्लॅम्प आवळलं की रीडिंग बदलतंय. सोडलं की परत येतं. कशामुळे असेल?"

उत्तमने फिक्श्चर हातात घेतलं, उलटं केलं, बैठकीवरून बोट फिरवलं. "खालचा पाय उचललेला आहे बघ. क्लॅम्प लावला की आख्खी बैठक वाकते. करणाऱ्याला सांग, पाय घासून एका पातळीत आण."

"हां, तसंच वाटलं मला. थँक यू सर." ती आत गेली.

इतके दिवस त्याला वाटत होतं, ती कधीतरी आपणहून काही विचारेल आणि मग छातीवरचा धोंडा उतरेल. तिने विचारलं, किती साधेपणाने विचारलं, आणि त्याला नव्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा मुलीला आपण तसं बोललो. तो बाकावर तसाच बसून राहिला. काचेपलीकडे पूर्वी खाली वाकून फिक्श्चरच्या पायाखाली पातळ पत्रा सारून बघत होती.